जोडीचा दुसरा दिवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हॉस्पिटलचे संचालक माननीय डॉ. येन, व्यासपीठावर बसलेले मच्छीमार संघाचे पदाधिकारी, ज्यांनी हा हॉल आज भाडं न घेता दिला, आजच्या सत्कारमूर्ती, हेडनर्स क्वो सू-शिया सिस्टर, हॉस्पिटलमधला सगळा स्टाफ, कालवं फोडायची सुरी खाली ठेवून थेट इथे आलेल्या आयाबहिणी, आणि समोर ज्यांनी एक पाय शेजारच्या खुर्चीवर टाकलाय, असे माझे सगळे जातभाई. पाय खाली घेऊ नका. कुणी बोलायला उभं राहिलं की पाय खाली घ्यायची रीत दुसरीकडे असेल. आपल्या बुतायमध्ये पाय वर राहावेत म्हणून या बाईंनी एकवीस वर्षं घसा कोरडा केलाय. निदान आज तरी त्यांच्यादेखत खाली घेऊ नका.

सुरुवातीला एक छोटासा हिशोब मांडतो. माझ्या या डाव्या पायाची खरी किंमत किती? चौदा महिने. चारशे सहा ड्रेसिंगं. दोन बोटं, करंगळी आणि तिची शेजारीण. एवढं मी गेली सात वर्षं प्रत्येक भाषणात सांगत आलोय, तुमच्यातल्या काहींना पाठही असेल. पण या हिशोबात एक रक्कम मी कधी धरलीच नाही. माझा पाय असायचा स्टुलावर. स्टूल जमिनीपासून वीतभर. आणि ड्रेसिंग करणारी बाई त्याच्यासमोर उकिडवी. एकदा, दोनदा नव्हे, चारशे सहा वेळा. मघाशी व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना सिस्टरांनी कठडा कसा धरला, ते तुम्ही पाहिलंत. माझ्या एका पायाचे दोन गुडघे लागले. ते माझे नव्हते.

आवाज खाली लागलाय, मला कळतंय. मागच्या टेबलांना ऐकू येत नसेल तर हात करा. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि भाषणं करून करून दमलोय. शाळेचं उद्घाटन, देवळाचा वर्धापनदिन, कुणाच्या नव्या बोटीची पूजा, कुठेही लाइ चिन-फाला दोन शब्द बोलायला उठवतात आणि तो तेच दोन शब्द बोलतो. आज वेगळे बोलायचे आहेत. आचाऱ्यानं मला बजावलंय, वाफेवरचा मासा यायच्या आत संपवा शेठ, मासा थांबत नाही. थंड पदार्थांचं ताट तुमच्यापुढं आलेलंच आहे. खात खात ऐका. माझा राग नाही.

जे नवीन स्टाफमधले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मी दिवेवाला. देव्हाऱ्यापुढं रात्रंदिवस जळणारी जी लाल कमळाची जोडी असते, ती मी बनवतो. सहावीत शाळा सुटली आणि बल्बच्या कारखान्यात काच झाडायला लागलो. बल्ब कानाशी नेऊन हलवला की आतली तार धड आहे की तुटलीय, हे मला आवाजावरून कळतं. त्या कानाच्या जोरावर कारखाना झाला. पण कान कितीही तिखट असला, तरी साखर अंगात मुरली की पाय बहिरा होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. बल्बच्या काचेची एक कपची बुटात गेली आणि मी तिच्यावर दोन दिवस चाललो. तिसऱ्या दिवशी बायकोनं मोजा धुवायला उचलला आणि विचारलं, "हे काय सांडलंय?"

पुढचं थोडक्यात. बोटं गेली. जखम भरेना. दोन महिने झाले, तीन झाले. शहरातल्या सर्जननं पाहिलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "लाइशेठ, गुडघ्याखालून काढून टाकू. सोयीचं पडेल."

"कुणाच्या?" मी विचारलं.

तेव्हा सिस्टर भिंतीशी ट्रे घेऊन उभ्या होत्या. कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, "सहा आठवडे द्या. मग काढा."

त्या काळात आपल्या हॉस्पिटलमध्ये कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत चादरीखाली एक यंत्र पडून होतं. लाल उजेडाचं. रेंगाळलेल्या जखमेवर ठरावीक उजेड ठरावीक वेळ पाडला की ती भरायला मदत होते, असं ते यंत्र. ते कसं चालवायचं हे सू-शिया सिस्टर सुट्टीच्या दिवशी पदरचं तिकीट काढून शिकून आल्या होत्या. मी तिथे बसायला लागलो. आधी धुणं. मग मेलेलं सगळं कापून काढणं. मग उघड्या जखमेपासून दोन मुठी अंतरावर यंत्र, माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा, आणि टिकटिकणारं घड्याळ. दहा मिनिटं. घड्याळ वाजलं की बंद.

मी धंदेवाला माणूस. म्हटलं, "सिस्टर, अजून दहा मिनिटं राहू द्या ना. वीज माझ्या नावावर लावा."

"मासे वाळत घातलेत का शेठ? जास्त वेळ ठेवलं म्हणून जास्त भरत नाही. उलट बिघडतं."

"पण हा उजेड नेमका करतो काय?"

त्या जखमेकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "थकून झोपलेल्याला हलवून उठवतो, एवढंच. पण उठवलेल्या माणसाला जेवायला लागतं. रक्त लागतं. साखर आटोक्यात लागते. आणि त्याच्या अंगावर कुणी उभं राहायला नको. तुम्ही दिवसभर त्याच्या अंगावर उभे राहता, आणि इथे येऊन दहा मिनिटं त्याला उजेड दाखवता."

ही वाक्यं मला आजही जशीच्या तशी आठवतात. सात वर्षं त्यांतलं पहिलंच तेवढं मी लोकांना सांगत आलो.

सहा आठवड्यांनी कागदावर जखमेची आखणी केली, तर ती निम्मी झाली होती. सर्जन म्हणाला, थांबू या. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. मला वाटलं, यंत्र एक, आणि या किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेले पाय शेकडो. गावाकडची म्हातारी माणसं आठवड्यातून दोनदा बस बदलून इथे येणार कशी? हाच उजेड घरोघरी दिला तर? मी डॉ. येनना विचारलं. त्यांनी नेमका कुठला प्रकाश, किती जोराचा, ते लिहून दिलं. तसे दिवे मी आणवले. शहरात तपासून घेतले. प्रकाश बरोबर होता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. चूक प्रकाशात नव्हती.

चूक साच्यात होती. दिवा बसवायला घर लागतं, म्हणजे प्लॅस्टिकचं कवच. नवा साचा पाडायचा म्हणजे तीन महिने. आणि कारखान्यात कमळाचे साचे पडलेले. मी कमळात दिवा बसवला. सुरेख दिसला. लाल पाकळ्या, खाली सोनेरी देठ.

माझी बायको, जी आत्ता तिसऱ्या टेबलावर बसून माझ्याकडे मुद्दाम बघत नाहीये, ती तेव्हा पॅकिंगला होती. तिनं कमळ हातात फिरवून पाहिलं.

"याच्यापुढं पाय कोण करील?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पाय. जखमेचा, पुवाचा पाय. कमळापुढं."

"तुला औषधपाण्यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

ती गप्प बसली. आमच्या घरात ती गप्प बसली की मी जिंकलो असं समजायची पद्धत आहे.

बत्तीस दिवे केले, त्यांतला एक माझ्या पायासाठी ठेवून बाकीचे हॉस्पिटलला दिले. एकतीस घरांत गेले. आणि दर गुरुवारी सू-शिया सिस्टर स्कूटर काढून खाडीकाठच्या वाड्यांवर फिरायला लागल्या. हॉस्पिटलच्या कागदावर त्याचं नाव आहे, दिवा तपासणी फेरी.

दोन महिन्यांनी काय झालं? ओंग काका, देव त्यांना शांती देवो, एका पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून स्कूटरवरून थेट माझ्या कारखान्यात आले. पाय चांगला दिसत होता. सूज उतरलेली. मला कोण आनंद झाला.

"शेठ," ते म्हणाले, "एकच दिलात. दुसरा?"

"एवढा आवडला?"

"दिवा झकास आहे. पण एकटा बरा दिसत नाही."

मी तिथल्या तिथे दुसरा काढून दिला. मग दुसऱ्या वाडीवरून एक आजी आल्या. मग त्यांच्या जावेनं निरोप पाठवला. महिन्याभरात एकतीसच्या एकतीस घरांतून दुसऱ्या दिव्याची मागणी आली. मी म्हटलं, बघा, गुण आल्याशिवाय कुणी दुसरा मागतो का? माणसाला पाय दोन, दिवे दोन. हेच वाक्य मी कॅलेंडरवर छापलं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात ते अजून टांगलेलं असेल.

मंडळी, दिवे विकून म्हातारा झालेला माणूस मी. देव्हाऱ्यापुढचं लाल कमळ कधी कुणी एकटं घेतलंय? चाळीस वर्षांत मी सुटा दिवा विकलेला नाही. दुकानात कुणी सुटा मागितला तर आम्ही विचारतो, एक फुटला का? आणि एकतीस घरं माझ्याकडे येऊन जोडी पुरी करून मागत होती, तेव्हा मला वाटत होतं, ते औषध मागताहेत.

तुम्ही हसताय. हसा. ज्यांच्या घरी ते आहेत ते जास्त हसताहेत, मला इथून दिसतंय.

वर्षअखेर आकडा आला. बत्तीसपैकी एकोणीस जखमा बंद झाल्या होत्या. एकोणीस. हा आकडा मी सात वर्षं सांगितला. टीव्हीवर सांगितला, देवळात सांगितला, मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितला. "माझ्या दिव्यानं एकोणीस पाय वाचवले, आणि त्यातला पहिला माझा." सात वर्षं एकोणीसच, कारण पुढं कुणी मोजलं नाही. आणि उरलेल्या तेरांचं काय झालं, हे मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. त्यांतले पाच जण पाय गमावून बसले. चौघं आज नाहीत. बाकीच्यांच्या जखमा वर्षानंतरही तशाच उघड्या राहिल्या. हेसुद्धा आकडेच आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डॉ. येन, माफ करा, हे आधी तुमच्या केबिनमध्ये बोलायला हवं होतं. पण मी माझी फुशारकी चारचौघांत मारली, तेव्हा परत घेतानाही चारचौघं असलेले बरे.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर एक ओळ आहे, "श्री. लाइ यांच्याकडून दोनशे दिव्यांची भेट." खाली ट्रकमध्ये खोकी आहेत. नवीन मॉडेल, दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारं. आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गुरुवारची फेरी बंद होणार आहे. सिस्टर निवृत्त होतात, जागा भरायची नाही. यात डॉक्टरांचं काही वाईट नाही बरं. ते मला चांगल्या मनानं म्हणाले होते, "शेठ, दिव्यानं एकोणीस पाय बरे होत असतील, आणि नवा दिवा स्वतःच बंद होत असेल, तर बाईमाणसाला उन्हातान्हात तपासणीला कशाला फिरवायचं?" मी मान हलवली. मला ते माझ्या दिव्याचं कौतुक वाटलं. कुठल्याही शहाण्या माणसानं माझे आकडे ऐकून हेच ठरवलं असतं. दोष ठरवणाऱ्याचा नाही, आकडे सांगणाऱ्याचा.

परवा दुपारी मी या भाषणाची तयारी करायला सिस्टरांकडे गेलो. म्हटलं, त्या एकोणीस जणांची नावं वाचून दाखवू, टाळ्या पडतील. त्या कपाट रिकामं करत होत्या. खुर्चीत बसून, कारण वाकता येत नाही.

"तुमची फेरीची वही द्या," मी म्हटलं.

"कशाला हवी?"

"नावं हवीत."

"नावं मी तोंडपाठ सांगते. लिहून घ्या."

बल्बमधली तुटकी तार जशी ऐकू येते, तसं मला त्या आवाजात काहीतरी ऐकू आलं. मी वही मागून घेतली. त्यांनी दिली, पण लगेच सोडली नाही.

वहीत पहिल्या पानावर ओंग काका. मी वाचतो. तसंच आहे, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. "पहिला गुरुवार. दिवा देव्हाऱ्यावर. समजावून सांगितलं. हो म्हणाले. पाय धुतला, साफ केला, ड्रेसिंग. दुसरा गुरुवार. दिवा देव्हाऱ्यावर. सांगितलं. हो म्हणाले. ड्रेसिंग. तांदूळ कमी करायला सांगितलं. तिसरा गुरुवार. देव्हाऱ्यावर. मी स्वतः काढून खाली ठेवला. चौथा गुरुवार. देव्हाऱ्यावर. शेजारी माफीची उदबत्ती." पाचव्या गुरुवारपासून सांगितलं हा शब्दच नाही. नुसतं, "देव्हाऱ्यावर. ड्रेसिंग. टाचेखाली नवा फोम." आणि दोन महिन्यांनी, "देव्हाऱ्यावर. जोडी."

मी पानं उलटत गेलो. घर बदलत होतं, ओळ बदलत नव्हती. कुणी तरी कमळापुढं पाय केला असेल म्हणून मी शोधत होतो. आपल्याकडे लाल कमळ एकदा पेटलं की विझवतही नाहीत, हे मला कुणी शिकवायला हवं का? त्यापुढं पाय करणं तर लांबच. सात वर्षं माझा औषधी उजेड मात्सूदेवीच्या पायांवर पडत होता. देवीच्या पायाला जखम असती तर पहिल्या महिन्यात भरली असती, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

मी खाली बसलो. "सिस्टर, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दिवे परत नेले असते."

"नेलेच असते. नवा साचा पाडला असता."

"तीन महिने लागले असते. तोवर तपासायला दिवा कुठला होता?" त्या कपाटातले मोजे घडी घालत होत्या. "घरी जाऊन ड्रेसिंग करायला परवानगी द्या, असे तीन अर्ज केले होते मी, तुमच्या दिव्यांच्याही आधी. तिन्हींवर तेच उत्तर, तरतूद नाही. मग तुमचे दिवे आले. यंत्र दिलं की तपासणी आली, आणि तपासणीला तरतूद असते. दिवा बघायला जायचं. गेल्यावर पाय समोर असतोच."

"म्हणजे माझा दिवा..."

"तुमच्या दिव्यानं मला दार उघडून दिलं शेठ. थोडं काम नाही ते." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाल्या, "उजेड खोटा नाही. खोलीतल्या यंत्राखाली मी बघितलंय त्यानं काय होतं ते. पण धुतलेल्या जखमेवर. आणि धुवायला कुणीतरी जावं लागतं."

"हे मी समारंभात बोललो तर चालेल?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "शुक्रवारी सहाला माझी ड्युटी संपते. सहानंतर काय वाटेल ते बोला. फक्त मला रडायला लावू नका, दमलेय मी."

आत्ता साडेसात वाजलेत.

काय म्हणालात आजी? जरा मोठ्यानं. माइक नको, तुमचा आवाज पुरतो.

मागच्या टेबलांना ऐकू आलं नसेल. त्या ओंग आजी आहेत, आपल्या ओंग काकांच्या. काकांचा पाय त्या एकोणिसांतला. पुढं काका गेले ते हृदयानं, दोन्ही पायांनिशी गेले. आता आजींच्या उजव्या टाचेला शिंपला लागलाय, सात महिने झाले. चार महिन्यांपूर्वी ती जखम वाटीएवढी होती. आता नाण्याएवढी आहे, वहीत आखून ठेवलीय. त्या विचारतायत, "शेठ, तुमचं बोलणं झालं असेल तर एवढंच सांगा, पुढच्या महिन्यात गुरुवारी कोण येणार?"

आजी, कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे एक खोकं येणार आहे.

"खोकं काय करू? जोडी आहे माझ्याकडे."

ऐकलंत डॉक्टर? तज्ज्ञाचं मत आहे.

आजच्या सगळ्या कौतुकाचा आणि हारतुऱ्यांचा निकाल त्या टाचेवर लागायचाय. गुरुवारी कुणी गेलं तर ती नाण्याची बटणाएवढी होईल. कुणी गेलं नाही, तर सहा महिन्यांनी कुठलातरी सर्जन आजींना प्रेमानं सांगेल, सोयीचं पडेल. आणि त्यांच्या देव्हाऱ्यावर माझी कमळं तेव्हाही झगझगीत जळत असतील. त्यांची हमी दहा वर्षांची आहे.

म्हणून अध्यक्षमहाराज, त्या ओळीत एक दुरुस्ती करण्याची परवानगी मागतो. दोनशे दिवे मी आज देत नाही. ट्रक आला तसा परत जाईल. त्या दिव्यांची जेवढी किंमत होते, तेवढ्यात एका नर्सची आणि एका स्कूटरची दोन वर्षांची सोय होते, ती मी करतो. त्यानंतर काय, ते मला माहीत नाही. मी माझ्या वयाच्या मानानं बोलतोय. तुम्हाला तरतूद लागेल. तर तिचं नाव दिवा तपासणी फेरीच राहू द्या, दिवे तर घरोघरी आहेतच, ते तपासलेच पाहिजेत. एखादं यंत्र मात्र जरूर घ्या, स्कूटरवर मावेल असं, चौकोनी, करड्या रंगाचं, दिसायला अगदी कुरूप. ज्याच्यापुढं पाय करायला कुणाला लाज वाटणार नाही असं. ते नव्या सिस्टर नेतील आणि त्याच परत आणतील. डॉक्टर, लगेच उत्तर देऊ नका, मासा खाऊन द्या. पण आजींना जाताना सांगून जा. त्यांना "बघू" म्हणू नका. त्या टाचेनं चार महिने दर गुरुवार मोजलाय.

सिस्टर, आता तुमच्याबद्दल. तुमच्याबद्दल बोलायला मी उभा राहिलो होतो आणि निम्म्याहून जास्त वेळ स्वतःबद्दलच बोललो. सवय. एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. कमळं तयार झाली तेव्हा माझी स्वतःची जखम अजून उघडी होती, आठ महिने झाले होते. धंदा वाढत होता, म्हणून मी हॉस्पिटलात यायचं बंद केलं. मी सांगितलं, आता घरीच दिवा आहे. तुम्ही "बरं" म्हणालात, आणि रोज ड्युटी संपल्यावर कारखान्यात यायला लागलात. खोक्यांच्या गठ्ठ्यांत मी खुर्चीवर, पाय स्टुलावर, तुम्ही खाली उकिडव्या. एका संध्याकाळी तुमचा हात थांबला म्हणून मी खाली पाहिलं. तुम्ही बसल्या जागी झोपला होतात, चिमट्यात कापूस तसाच. आणि मी तेव्हा फोनवर होतो. टीव्हीवाल्याला सांगत होतो, माझ्या दिव्यानं माझा पाय कसा बरा केला. तुम्ही जाग्या होऊ नयेत म्हणून मी आवाज खाली घेतला, एवढीच माझी माणुसकी. वाक्य मी पुरं केलं.

तुम्ही ऐकलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

उद्यापासून पाय वर ठेवून बसा. तुमचे. कुणी उठायला सांगितलं तर माझं नाव सांगा.

आचारी दारात येऊन उभा राहिलाय, तेव्हा आवरतो. मच्छीमार संघाचे आभार, हॉलबद्दल आणि पंख्यांबद्दल. हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाचे आभार, त्यांनी मला बोलायला उभं केलं, त्याचा त्यांना पश्चात्ताप होऊ नये. माझ्या बायकोचे आभार, ती सात वर्षं गप्प बसली. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, किंवा कुणाचा नको तसा झाला असेल, तर माझ्या वयाकडे आणि या पायाकडे बघून पोटात घाला. आणि ज्यांच्या घरी माझी जोडी आहे त्यांनी ती विझवू नका, तिचा काही दोष नाही.

जाता जाता तेवढा आकडा दुरुस्त करतो आणि बसतो. एकोणीस पायांपैकी अठरांचे दिवे देव्हाऱ्यावर होते. एकोणिसावा पाय माझा. माझा दिवा ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहे, पाहुण्यांना दाखवायला. त्याला अजून वायर बसवलेली नाही.